नऊशे नव्व्याण्णवचे कान

आमच्या ऑफिसात कुणालाही काही विकत घ्यायचं असलं की तो आधी मला विचारतो. माझ्या ज्ञानावर विश्वास आहे म्हणून नव्हे. मी जे घेतलं ते टाळायचं, एवढी सोपी युक्ती त्यांना सापडलेली आहे. मी घेतलेला मिक्सर, मी घेतलेला इन्व्हर्टर, मी हप्त्यांवर घेतलेली पाठ दाबणारी खुर्ची, या सगळ्यांनी उस्मानपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसातले कितीतरी संसार खर्चातून वाचवले आहेत. त्यामुळे परवा हेडक्लार्कसाहेबांनी चहाच्या वेळी "ते बिनवायरचे इअरबड्स असतात ना, हजाराच्या आतले, ते रोजच्या वापराला कसे असतात हो?" असं विचारलं, तेव्हा मी सावध व्हायला हवं होतं. मला वाटलं, हा मान आहे.

तर मी ठरवलं की उगाच ऐकीव बोलायचं नाही. स्वतः घ्यायचे, वापरायचे, परीक्षा घ्यायची आणि निकाल लावायचा. एका बँकेने कधीकाळी दिलेली कोरी डायरी काढली, त्यात 'आवाज', 'बॅटरी', 'फोन', 'स्पर्श', 'पाणी' असे रकाने आखले, आणि संध्याकाळी पैठण गेटला गेलो. ज्यांनी आमचं पैठण गेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मुघलांच्या काळात या दरवाज्यातून पैठणकडे जाता यायचं. हल्ली इथून मोबाइलचं कव्हर घेतल्याशिवाय कुठेच जाता येत नाही.

दुकानातल्या पोराने मला पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, बजट बोलो." मी म्हणालो, हजाराच्या आत. त्याने मागे न बघता हात मागे नेला आणि काउंटरवर डब्यांचा ढीग ओतला. "ये लेव. पचास घंटे चलते. बेस तो ऐसा की दिमाग हिल जाता." मी विचारलं, बिघडले तर? "बिगडते कायकू? टेन्शन नक्को लेव." माझ्यासारख्या माणसाला एवढी खात्री कुणी आयुष्यात दिलेली नसते. खोक्यावरची छापील किंमत होती ४,९९० रुपये आणि तो मागत होता ९९९. घरी जाऊन मी सौभाग्यवतींना सांगितलं की आज आपण ३,९९१ रुपये वाचवले. ती म्हणाली, "मग ते द्या इकडे, दूधवाल्याचे राहिलेत."

खोक्यातून कुंकवाच्या करंड्याएवढी एक डबी निघाली आणि त्या डबीत दोन काळे कान. सोबत रबरी टोप्यांच्या जोड्या, लहान, मध्यम आणि मोठी. मी मध्यम बसवल्या, कारण मी स्वतःला सर्व बाबतीत मध्यम समजत आलो आहे. उजवा नीट बसला. डावा गळून पडला. लहान टोपी लावली तर डावा बसला, पण गाण्यातला डग्गाच गायब. नुसती चाटी वाजतेय आणि डाव्या हाताच्या बोटाला दुखापत झाल्यामुळे तबलजी एकाच हाताने साथ करतोय असं ऐकू येऊ लागलं. मी डबी घेऊन परत पैठण गेटला निघालो होतो, तर धाकट्या मुलीने अडवलं. ती इंजिनिअरिंगला आहे आणि घरातल्या वस्तूंपेक्षा घरातल्या माणसांवर जास्त चिडते. तिने सांगितलं की कानात फट राहिली की खर्जाचे आवाज आधी निसटतात. मग त्या वस्तूला पाच हजार घाला नाहीतर पाचशे. तिने माझ्या दोन्ही कानांत टॉर्च मारला आणि निदान केलं, की बाबा, तुमचे कान वेगवेगळ्या मापाचे आहेत, उजवा मध्यम आणि डाव्याचं भोक लहान पण वाकडं. पन्नाशी उलटल्यावर ही माहिती मिळाली. इतकी वर्षं या दोघांवर मी एकच चष्मा टेकवत होतो.

आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'ईएनसी' लिहिलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या तीन अक्षरांवर भाळूनच मी हाच खोका उचलला होता. झालं होतं असं की अमर बोस यांची गोष्ट मी कुठेतरी वाचली होती. कलकत्त्याहून अमेरिकेला गेलेल्या क्रांतिकारक बापाचा हा मुलगा, एमआयटीत प्राध्यापक. १९७८ साली झुरिकहून परत येताना विमानात त्यांनी विमान कंपनीने दिलेले हेडफोन लावले आणि इंजिनाच्या घरघरीपुढे त्यातलं काही ऐकू येईना. आपण काय केलं असतं? हवाईसुंदरीला बोलावलं असतं. त्यांनी बसल्या जागी गणित मांडलं: बाहेरचा आवाज छोट्या माईकने टिपायचा, त्याच्या बरोबर उलट लहर तयार करून कानात सोडायची, आणि दोन्ही लहरींनी एकमेकींना खाऊन टाकायचं. पुढे अकरा वर्षांनी, १९८९ साली, वैमानिकांसाठी तसे हेडफोन बाजारातही आले. मी विचार केला, जी विद्या विमानाचं इंजिन गिळते ती आमच्या घरातला मिक्सर, वरच्या मजल्यावरची शिलाई मशीन आणि समोरच्यांची आठ वाजताची मालिका सहज गिळेल.

मुलीने खोका वाचला आणि म्हणाली, "बाबा, ते एएनसी. हे ईएनसी आहे." एएनसी म्हणजे तुमच्या कानाला शांतता. ईएनसी म्हणजे तुम्ही फोनवर बोलताना तुमच्या मागचा गोंगाट गाळून पलीकडच्या माणसाला शांतता. म्हणजे गोंगाटात बसणार मी आणि शांतता मिळणार लातूरला बसलेल्या व्याह्यांना, आणि ९९९ रुपये दिले ते कुणी? वर तिने हेही सांगितलं की एएनसी असतं तरी ते घरघर, गुणगुण असले एकसुरी, सखल आवाज खातं. कुकरची शिट्टी किंवा एकाएकी मारलेली हाक त्याला आवरत नाही. "अहो, ऐकलं का" या आवाजापुढे अमर बोसही हरले असते.

घरात मी ते घालून बसलो, तेव्हा आणखी एक शोध लागला. समोर चिवड्याची बशी होती. मी घास घेतला, डाळ्याचा एक दाणा दाताखाली आला आणि तो स्फोट पृथ्वीतलावर मी एकट्याने ऐकला. कान बुजलेले असले की जबड्याच्या हाडातून आलेला आवाज बाहेर पडायला वाट राहत नाही, तो आतच घुमतो. चिवडा संपेपर्यंत मला कुमार गंधर्वांचा एक सूर कळला नाही. शेवटी बशी सरकवून ठेवली. डायरीत नोंद केली: 'संगीत आणि फराळ एका वेळी नको.' ही अट खोक्यावर कुठेही छापलेली नव्हती.

एवढ्यात आई आतल्या खोलीतून आली. तिला बरीच वर्षं कानाचं मशीन आहे. तिने माझ्या कानांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसली. "तुलाही?" म्हणाली. मी म्हणालो, नाही गं, हे गाण्यांचं आहे. पण तिचं मशीन तेव्हा टेबलावर होतं आणि माझ्या कानात गाणं होतं, त्यामुळे हा संवाद दोन्ही बाजूंनी पुढे गेला नाही. रात्री जेवणं व्हायच्या आत जालन्याहून काकांचा, अंबाजोगाईहून आत्याचा आणि परभणीहून मावशीचा फोन आला. सगळ्यांचे फोन मी त्या इअरबड्सवरूनच घेतले, परीक्षाही होऊन जाईल म्हणून. मी आपला दर वाक्याला म्हणतोय, "हॅलो? काय? अहो, जरा मोठ्याने बोला!" परभणीच्या मावशीला रडूच फुटलं. लसणाचं कोमट तेल रोज रात्री दोन थेंब, हा उपाय तिने मला तीनदा ओरडून सांगितला. सगळ्या नातेवाइकांत मी आजही औपचारिकरीत्या बहिरा आहे.

पण फोनची खरी परीक्षा घराबाहेर. शनिवारी दुपारी काही कामाने शहागंजात गेलो होतो. तिथे रिक्षा थांब्यापाशी उभं राहून मी लातूरला थोरलीच्या सासऱ्यांना फोन लावला. विषय साधा होता, थोरलीला बाळंतपणाला कधी आणायची. आता मजा बघा, माईक असतो कानाजवळ, तोंड राहतं तळहातभर लांब, आणि या दोघांच्या मधल्या हवेत अख्खं शहागंज. त्या माईकमधून जे काही आत जाईल त्यातलं माणसाचं बोलणं कोणतं आणि गोंगाट कोणता हे एक इवलीशी चिप अंदाजाने ठरवते. हजाराच्या आतल्या चिपचा अंदाज तो केवढा असणार! मी म्हणत होतो, "आम्ही तिला आणायला येतो." माझ्या शेजारचा रिक्षावाला म्हणत होता, "हर्सूल, हर्सूल, एक सीट हर्सूल!" चिपने दोघांचं बोलणं तोललं आणि लातूरला फक्त रिक्षावाला पाठवला.

पलीकडे बराच वेळ शांतता. मग व्याही अगदी हळू आवाजात म्हणाले, "हर्सूल? कधी नेलं? वकील दिलाय ना?"

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की हर्सूलला आमचं मध्यवर्ती कारागृह आहे. मी घाबरून ओरडलो, "तसं नाही, मी शहागंजात उभा आहे!" त्यांना ऐकू गेलं ते "उभा आहे" एवढंच. ते म्हणाले, "बसायलाही देत नाहीत का?" मी बड्स उपटून खिशात कोंबले आणि सरळ फोन कानाला लावला, तर तो मुकाच, कारण फोनच्या मते मी अजूनही बड्सवरच बोलत होतो आणि व्याही आता माझ्या पँटच्या खिशात धीर देत होते. हे नीट समजून घ्या, फार कामाचं आहे: बड्स डबीत जाऊन झाकण नीट लागेपर्यंत फोन त्यांनाच चिकटून राहतो. मला ते समजेपर्यंत व्याह्यांनी लातूरच्या एका वकिलाशी बोलणं करून ठेवलं होतं.

माझा आवाज हाच गोंगाट आहे, असं त्या चिपचं मत पडलं. आमच्या घरात या विषयावर फार पूर्वीच एकमत झालेलं आहे, त्यामुळे तिथे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. सोमवारी ऑफिसात मी ही हकीकत हेडक्लार्कसाहेबांना सांगितली. ते शांतपणे उठले, मधल्या सुट्टीत औरंगपुऱ्यात गेले आणि दीडशे रुपयांचा वायरचा हेडफोन घेऊन आले. माझी परीक्षा खरं म्हणजे तिथेच संपली होती. पण डायरीत रकाने शिल्लक होते.

त्यातला एक रकाना होता 'स्पर्श'. या बड्सना बटण नसतं. बाहेरून बोटाने टिचकी मारायची. एक टिचकी मारली की गाणं थांबतं, दोन मारल्या की पुढचं लागतं, तीन मारल्या की एक बाई येऊन विचारतात काय हवं. ज्या कुणी हे योजलं त्याने आयुष्यात कधी शास्त्रीय संगीताची बैठक पाहिलेली नाही. आमच्या वडिलांनी आम्हाला शिकवलंय की थोर गवयाचं नाव निघालं, एखादी अवघड जागा कुणी लीलया घेतली, की कानाच्या पाळीला हात लावायचा. मी किशोरीताईंचा भूप ऐकत पडलो होतो. त्यांनी एक जागा अशी घेतली की माझा हात आपोआप कानाकडे गेला. ताई थांबल्या. मी घाईने पुन्हा हात लावला, तो घाबरटपणे दोनदा लागला, आणि भूपाच्या जागी मुलीने कधीतरी माझ्या फोनवर टाकलेलं हळदीचं गाणं सुरू झालं. भीमसेनजींच्या बाबतीतही तेच. त्यांच्यापुढे तर मला दर दोन मिनिटांनी कानाला हात लावावासा वाटतो. हे बड्स घेतल्यापासून मी एकही ख्याल सलग ऐकलेला नाही. ज्याला भक्ती कमी त्याला गाणं जास्त, असा प्रकार.

रात्री तर हात लावायचीही गरज उरत नाही. कुशीवर वळलो, उशीने आपल्या मनानेच तीन टिचक्या मारल्या आणि त्या बाई कानात म्हणाल्या की मी आपली काय मदत करू शकते. मी अर्धवट झोपेत म्हणालो, "काही नको गं, झोप तू." पलीकडून दिवा लागला. "कुणाला म्हणालात?" बाईंचा आवाज फक्त माझ्याच कानात असतो, ही या यंत्राची सर्वांत मोठी त्रुटी आहे. साक्षीदारच राहत नाही.

आता डाव्या कानाचं सांगतो, कारण सगळ्या महाभारताच्या मुळाशी तोच आहे. चालताना डावा मधूनमधून गप्प व्हायचा. उजवा गातोय, डावा गप्प. मग डावा येणार, दोन शब्द म्हणणार, पुन्हा जाणार. मी तो आपटला, पुसला, त्याच्यावर फुंकर मारली. मुलीने फक्त एक विचारलं, फोन कुठल्या खिशात ठेवता? मी म्हणालो, मागच्या, उजव्या. झालं, म्हणाली. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, वायफायचं बरंचसं काम त्याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच. या लहरी पाण्यात जिरतात, आणि माणसाचा देह साठेक टक्के पाणीच असतो. उजव्या खिशातून डाव्या कानाकडे निघालेलं गाणं वाटेत मला लागतं आणि माझ्यात जिरून जातं.

हे ऐकून मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. या शहराचा पाण्याशी असलेला संबंध तुम्हाला माहीत आहे. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबराने डोंगरातलं पाणी खापराच्या नळांतून गावात खेळवलं, पुढे पाणचक्कीत त्याच तऱ्हेने आणलेल्या पाण्यावर दळण दळलं गेलं. आता पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडी आहे, धरण भरलं की आम्ही सगळे पुलावरून त्याचे व्हिडिओ काढतो, आणि घरी येऊन नळाच्या वेळापत्रकाकडे बघत बसतो. कधी चार दिवसांनी, कधी आठ. अशा गावात मी एकटाच गाणं अडवण्याइतकं पाणी बाळगून फिरत होतो.

आमच्या सिडकोतल्या गल्लीत पाण्याची पाळी बहुधा रात्री येते. ज्या रात्री पाळी असेल त्या रात्री घरात प्रत्येकाला काम वाटून दिलेलं असतं: मुलगी पाइप जोडणार, सौभाग्यवती हौदावर थांबणार, आणि मला काम एकच, ऐकायचं. नळ उघडा ठेवलेला असतो, खाली आईचं पितळी घंगाळ. पाणी यायच्या आधी नळ खोकतो, हवा सोडतो, मग घंगाळात पहिली धार वाजते, तिच्यावर उठायचं आणि सगळ्यांना उठवायचं. इतकी वर्षं हे काम मी चोख केलं. त्या रात्री मी फक्त वेळ जावा म्हणून बड्स घातले.

नळ खोकला असणार. घंगाळ वाजलं असणार. समोरचे "आलं हो, आलं!" म्हणून ओरडले असणार, कारण ते नेहमीच ओरडतात. कोपऱ्यावरच्यांनी आमचं फाटक वाजवलं, असं ते स्वतः सांगतात. मी कुमारांच्या निर्गुणात होतो. शेवटी कुणीतरी माझा खांदा हलवला. आई उभी होती, मशीन उशाशी काढून ठेवलेली आई, आणि म्हणत होती, "अरे, पाणी आलंय ना केव्हाचं. ऐकू येत नाही का तुला?"

मग जी धावपळ झाली तिच्यात मी हौदावर वाकलो, आत पाणी कितपत आलंय ते टॉर्चने बघायला. मान खाली गेली, आणि वाकड्या भोकाचा, लहान टोपीचा डावा कानातून निघाला. आवाज अगदी छोटासा झाला. उजव्यात त्या बाई म्हणाल्या, "डिसकनेक्टेड."

खोक्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र होतं आणि 'आयपीएक्स५' असं लिहिलेलं होतं, म्हणून मी निर्धास्तपणे सर्वांना सांगितलं की त्याला काही होत नाही, तो वॉटरप्रूफ आहे. मुलगी पाइप धरूनच म्हणाली, की त्यातला एक्स म्हणजे धुळीची परीक्षा घेतलेली नाही, ५ म्हणजे नळीने फवारा मारला तर चालतो. बुडवायचा असेल तर ७ लागतो, तोही एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमचा हौद साडेपाच फुटांचा आहे. मी म्हणालो, "मग लगेच उपसू या."

गल्लीत शांतता पसरली. आठवड्याने आलेलं पाणी, भरत आलेला हौद, आणि मी तो उपसू या म्हणालो. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोलायलेत तुम्ही?" एवढंच म्हणाली, पण तिचं लग्नाआधीचं, बीडकडचं बोलणं बाहेर आलं की मी विषय वाढवत नाही. समोरचे मात्र लगेच पुढे झाले. "उपसणारच असाल तर पाइप आमच्या हौदात सोडा," म्हणाले. टँकरचा भाव त्यांना पाठ असतो. बाजारात त्या घटकेला डाव्या बडची किंमत चारपाचशे धरली, तर हौदातल्या पाण्याची त्याहून जास्त होती. हा हिशोब मुलीने तिथल्या तिथे करून दाखवला.

तिनेच मग तोडगा काढला. बडच्या स्पीकरात चुंबक असतं, शिवाय डबीत गपकन बसावा म्हणूनही असतं, तेव्हा लोखंड खाली सोडलं तर तोच येऊन चिकटेल. मी स्वयंपाकघरातून लांब दांड्याची स्टीलची पळी आणली, दोरी बांधली आणि पहाटेपर्यंत हौदात फिरवली. काही चिकटेना. चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हे कळल्यावर सौभाग्यवती खूष झाली. पळी तिच्या माहेरून आलेली आहे आणि तिच्या प्रतीविषयी मी लग्नापासून शंका घेत आलो होतो. मग जुनं लोखंडी उलथनं सोडलं. तोवर उजाडलं होतं, दूधवाला थांबला होता, शाळेच्या रिक्षातली पोरं खाली उतरून हौदाभोवती जमली होती आणि त्यातल्या एकाने मला विचारलं की काका, मासा केवढा आहे. उलथनं वर आलं तेव्हा त्याच्या टोकाला डावा होता. टाळ्या पडल्या. आमच्या गल्लीत माझ्यासाठी टाळ्या पडण्याचा हा पहिलाच प्रसंग.

तो तांदळाच्या डब्यात ठेवायचा नसतो, तांदळाने काही होत नाही, उघड्यावर वाळू द्यायचा, असं मुलीने बजावलं. वाळला. चाललाही! थोडी सर्दी झाल्याचा आवाज येतो, पण माझ्या वाकड्या कानाला तेवढं चालतं. वॉरंटीचं कार्ड मी वाचून पाहिलं. एक वर्षाची होती, पाण्याने झालेला बिघाड सोडून. थेंबाचं चित्र त्या कार्डावरही होतं.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. ते पचास घंटे डबीसकट मोजलेले असतात, तेही आवाज अर्ध्यावर ठेवून. नुसते बड्स एका दमात पाचसहा तास चालले, आणि तेवढ्यात माझे कानच दुखायला लागतात, तेव्हा तक्रार नाही. तक्रार त्या बाईंबद्दल आहे. चार्जिंग संपत आलं की त्या दर थोड्या वेळाने "बॅटरी लो" असं भैरवीच्या मधोमध येऊन सांगतात. आत जेमतेम ३५–४० एमएएचचा सेल असतो, फोनच्या ५,००० पुढे चिमूटभर, आणि तो रोज भरून-रिकामा होऊन वर्षा-दोन वर्षांत थकतो. थकला की बदलता येत नाही, कारण खोळ डिंकाने बंद केलेली. वायरच्या हेडफोनची पिन तुटली तर गुलमंडीत डाग देऊन मिळायचा. २०१६ च्या सप्टेंबरात अ‍ॅपलने आयफोनमधून ते गोल भोकच काढून टाकलं, डिसेंबरात स्वतःचे बिनवायरचे विकायला काढले, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही हळूहळू भोकं बुजवली. हेडक्लार्कसाहेबांचा फोन जुना आहे म्हणून ते सुटले.

तर निकाल असा. घरात, खिडक्या लावून, चिवडा न खाता, फोन समोर टेबलावर ठेवून गाणं ऐकायचं असेल तर ९९९ रुपयांत मिळणारा आवाज उत्तम आहे. मी दहापैकी सात गुण दिले आहेत, आणि कंजूष परीक्षक म्हणून माझी ख्याती आहे. रस्त्यावरून बोलायला दहापैकी दोन, ते दोनही रिक्षावाल्याचे. गोंगाटावर मात करायला आवाज वाढवाल तर जपून. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास एवढीच कानाची ऐपत आहे, आणि जालना रोडवर गाणं ऐकू यायचं तर तुम्ही त्याच्या वर जाणारच. रस्ता ओलांडताना तर काढूनच ठेवा. घेणार असाल तर दुकानाबाहेर भर रस्त्यात उभे राहून तिथूनच घरी एक फोन लावा, पलीकडून दोनदा "काय म्हणालात?" आलं तर डबी परत द्या. पक्कं बिल घ्या. टोप्या दोन्ही कानांना वेगवेगळ्या लावून बघायला लाजू नका. पाण्याच्या रात्री डबीचं झाकण लावून ठेवा. आणखी काही विचारायचं असेल तर प्रत्यक्ष या, फोन करू नका. तुमचं मला ऐकू येईल, माझं तुम्हाला येणार नाही.